शेतात दडलेली ठेव

(आजी-आजोबा व ज्येष्ठांच्या जागतिक दिनानिमित्त प्रवचन)



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आजारी आणि वयोवृद्ध भाविकांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जातो. मे महिन्यात असाच एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर गेलो. बेल वाजवली. आतला दरवाजा उघडला, पण बाहेरच्या सेफ्टी डोअरला कुलूप होते. आजी आत, मी बाहेर. किल्ली शेजारणीकडे असते आणि शेजारीण बाजारात गेलेली. शेवटी आम्ही दोघांनी तिथेच प्रार्थना केली आणि मी गजांतून हात आत घालून त्यांना ख्रिस्तशरीर दिले. निघताना आजी म्हणाल्या, "फादर, थोडा वेळ बसा ना." बसायला जागा नव्हती. मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि गजांच्या अलीकडून-पलीकडून आम्ही अर्धा तास बोललो.

त्या रात्री त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याला फार वाईट वाटले होते. मुलगा वाईट नाही. नवरा-बायको सकाळी साडेसातला घर सोडतात आणि रात्री नऊला परततात. आजींना विसरायला होते. एकदा त्या एकट्याच खाली उतरल्या आणि दोन तासांनी रेल्वे स्टेशनवर सापडल्या. तेव्हापासून कुलूप. तो मला म्हणाला, "फादर, मी आईला घरात ठेवलंय. आश्रमात टाकलेलं नाही." त्याच्या बोलण्यात अभिमान होता आणि अपराधीपणाही होता. मला त्याला काहीच उत्तर देता आले नाही. आजचे प्रवचन म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन साजरा करण्याची प्रथा सुरू केली. येशूचे आजी-आजोबा संत ज्योकिम आणि संत ॲन यांचा सण २६ जुलैला येतो, म्हणून हा रविवार. आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शेतात दडवून ठेवलेल्या ठेवीचा दाखला देतो. एका माणसाला ती सापडते आणि आनंदाच्या भरात तो आपले सर्व काही विकून ते शेत विकत घेतो. त्याच अध्यायात पुढे येशू एका घरधन्याबद्दल सांगतो. हा घरधनी आपल्या भांडारातून नव्या वस्तू काढतो आणि जुन्याही काढतो.

नवी मुंबईत राहणाऱ्या आपल्याला हा दाखला थोडा उलटा वाटेल. इथे शेत विकत घेण्यासाठी कोणी सर्वस्व विकले नाही. इथे शेतेच गेली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. भाताची खाचरे गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात योग्य मोबदल्यासाठी झालेल्या शेतकरी आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. ज्यांनी तो काळ तरुणपणी पाहिला, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आपल्यातले बरेच जण त्यानंतर इथे आले. कोणी वसईहून आले, कोणी अहिल्यानगर-जालन्याहून, कोणी गोव्याहून. त्यांनीही गावाकडचे घर मागे ठेवले आणि आईवडिलांना दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणले. म्हणजे मूळचा असो वा बाहेरचा, इथला प्रत्येक म्हातारा माणूस आपल्या ओटीवरून उठून आलेला आहे.

आता प्रत्यक्ष मुद्द्यावर येतो. आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे उरण तालुक्यात शेतावरचे जुने घर आहे. शंभरी ओलांडलेले, मंगलोरी कौलांचे, पुढे लांब ओटी, मागे पडवी आणि विहीर, अंगणात लाकडी क्रूस. संपादनातून वाचलेल्या तुकड्यावर ते उभे आहे आणि गेली काही वर्षे बंद आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथल्या जमिनीला आज काय भाव आहे, हे मी सांगायला नको. तरीही या कुटुंबातील तीन भावंडांनी पालकीय परिषदेपुढे एक विचार मांडला आहे. घर विकायचे नाही. ते दुरुस्त करून त्यात दोन गोष्टी सुरू करायच्या. एक, ज्येष्ठांसाठी दिवसाचे केंद्र : सकाळी यायचे, संध्याकाळी आपल्या घरी परतायचे. दुसरी, ज्यांचे कोणीच नाही अशा पाच-सहा जणांसाठी सहनिवास : प्रत्येकाला स्वतःची खोली, पण चूल एक.

ही बातमी पसरल्यापासून माझ्याकडे अनेक जण येऊन गेले. काहींना आनंद झाला. काहींनी स्पष्ट विचारले, "फादर, आता चर्चच लोकांना सांगणार का, की आईबापांना बाहेर पाठवा? चौथ्या आज्ञेचे काय?"

प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर संत पौलाच्या तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात आहे. तिथे विधवांच्या सांभाळाविषयी एक क्रम घालून दिला आहे. ज्या विधवेला मुले-नातवंडे आहेत, तिचा सांभाळ आधी त्यांनी करायचा. हेच त्यांचे पहिले धर्मकर्तव्य. आणि जी खरोखर एकटी आहे, तिची जबाबदारी ख्रिस्तसभेची. या क्रमाकडे नीट पाहिले तर त्या घरातल्या दोन्ही गोष्टी त्यात बसतात. सहनिवास हा खरोखर एकट्या असलेल्यांसाठी आहे. दिवसाचे केंद्र हे मुलांचे कर्तव्य काढून घेण्यासाठी नाही, ते त्यांना पार पाडता यावे म्हणून आहे. त्या सातव्या मजल्यावरच्या मुलाला आईला सोडायचे नाही. त्याला फक्त सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेचे उत्तर हवे आहे. ते उत्तर आज त्याच्याकडे एकच आहे : कुलूप.

महापालिकेने ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे उघडली आहेत आणि ती चांगली आहेत. पण तिथे पोहोचायला स्वतःच्या पायांनी चालावे लागते आणि परतीची वाट लक्षात ठेवावी लागते. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा केंद्राचा कायदा आहे. तो पोटगी मिळवून देऊ शकतो, दुपारची सोबत देऊ शकत नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही एक धोका आहे आणि तो मी आपल्यापासून लपवणार नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परुशांना खडसावतो. आईवडिलांना द्यायचे ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिलेले आहे, असे म्हणून लोक हात झटकत असत. देवाच्या नावाने आईबापांना टाळण्याची ती सोय होती. म्हणून या कुटुंबाने घराचा विषय काढला, तेव्हा मी तिन्ही भावंडांना पहिला प्रश्न विचारला : "तुमच्या वडिलांना विचारलंत?" तिघे एकमेकांकडे पाहू लागले. वडील ऐंशीच्या पुढचे आहेत. ते थोरल्याकडे फ्लॅटमध्ये राहतात. त्यांचा जन्म त्याच घरातला, आणि त्यांनाच कोणी विचारले नव्हते. आपणही विचारत नाही. आपण त्यांच्या औषधांच्या वेळा ठरवतो, त्यांची खोली ठरवतो, बँकेचे कागद पुढे करून सही कुठे करायची ते दाखवतो. सगळे प्रेमाने करतो. फक्त विचारत नाही.

मग आम्ही त्यांना घेऊन त्या घरी गेलो. सोबत आपल्या धर्मग्रामातील एक इंजिनियर होते. त्यांनी वहीत टिपून घेतले. ओटी दोन फूट उंच आहे. चाकाची खुर्ची चढवायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे इथे चोवीस फुटांचा. अंगणात तेवढी जागा आहे. संडास-न्हाणी मागे, घराबाहेर आहे. ती आत घ्यावी लागेल, आणि तिथे न घसरणारी फरशी, कमोड व भिंतीला धरायचे दांडे लागतील. दरवाजे तीन फूट रुंद करावे लागतील. माळ्याचा जिना फार उभा आहे, तेव्हा कोणाचीही झोपण्याची सोय वर करायची नाही. रात्री न्हाणीकडे जाण्याच्या वाटेवर दिवा हवा. भिंती जुन्या, चुन्याच्या आहेत. घाईने सिमेंट थापले तर कोकणच्या पावसातली ओल आत कोंडून राहील, म्हणून दुरुस्तीही चुन्यानेच करावी लागेल. आणि शेवटी ते म्हणाले, "सगळे उंबरठे काढावे लागतील."

इतका वेळ गप्प बसलेले वडील एकदम बोलले, "उंबरठा काढायचा नाही. माझी आई या उंबरठ्यावर बसून माळेची प्रार्थना सांगायची. माझी बायको हाच ओलांडून आत आली."

कोणी काही बोलेना. मलाही काय बोलावे कळेना. घर जपायचे तर उंबरठा हवा, म्हाताऱ्यांना जपायचे तर तो नको. तेवढ्यात ते स्वतःच काठी टेकत आत जायला निघाले. पाय उंबरठ्याला अडखळला. थोरल्या मुलाने त्यांना धरले. ते क्षणभर तसेच उभे राहिले, मग हसले आणि म्हणाले, "काढा. पण लाकूड फेकू नका. सागवान आहे. ओटीवर त्याचं बाक करा, मी बसेन."

बंधू-भगिनींनो, भांडारातून नवे आणि जुने काढणारा घरधनी मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला. जुने आहे तसे ठेवले तर ते अडखळायला लावते. उखडून टाकले तर आपण कुठून आलो हे सांगायला कोणी उरत नाही. काय ठेवायचे आणि काय बदलायचे, हे त्या घरात ज्याने आयुष्य काढले त्याला बरोबर कळले. आम्ही मात्र त्याला विचारायचे विसरलो होतो.

सहनिवासाबद्दलही थोडे बोलतो. 'परक्यांबरोबर म्हातारपण काढायचे' ही कल्पना आपल्याला झेपत नाही. पण क्रूसाजवळचा प्रसंग आठवा. प्राण सोडण्यापूर्वी येशूने आपल्या आईला तिचा पुत्र नसलेल्या शिष्याच्या हाती सोपवले, आणि त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. पवित्र मरियेचे पुढचे दिवस रक्ताच्या नात्याबाहेरच्या घरात गेले. क्रूसाखाली जे नाते जोडले गेले, त्याला ख्रिस्तसभेने कधी कमी लेखलेले नाही.

फ्रान्समधील संत जान जुगाँ यांचे कार्यही असेच सुरू झाले. त्या श्रीमंत नव्हत्या, घरकाम करून पोट भरत. सँ-सेर्वां या गावी त्या, त्यांच्याहून वयस्कर एक बाई आणि एक तरुण मुलगी अशा तिघी मिळून भाड्याच्या जागेत राहत होत्या. १८३९ च्या हिवाळ्यात त्यांनी एका अंध, निराधार वृद्धेला उचलून घरी आणले, तिला आपला बिछाना दिला आणि स्वतः माळ्यावर झोपू लागल्या. मग आणखी वृद्धा आल्या. १८४१ मध्ये मोठी जागा भाड्याने घेतली, १८४२ मध्ये एक जुना कॉन्व्हेंट मिळवला. टोपली घेऊन दारोदार फिरून त्या सर्वांसाठी मागत. त्यातूनच 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा संघ जन्मला. अंधेरीच्या महाकाली रस्त्यावरचा त्यांचा आश्रम आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जान जुगाँ यांना संतपद जाहीर केले. त्यांच्याकडे योजना नव्हती, निधी नव्हता. एक बिछाना होता, तो त्यांनी दिला.

आपल्या काळातही उदाहरणे आहेत. जपानमधील तोयामा शहरात १९९३ मध्ये तीन परिचारिकांनी रुग्णालयातील नोकरी सोडून साध्या घरासारखे एक दिवसाचे केंद्र काढले. तिथे वृद्ध, अपंग आणि लहान मुले एकाच छताखाली दिवस घालवतात. त्याचे नाव 'कोनो युबी तोमारे'. खेळायला गडी जमवताना जपानी मुले बोट वर करून 'या बोटाला धरा' असे ओरडतात, त्याचे हे शब्द. नेदरलँड्समध्ये शेकडो शेतकऱ्यांनी आपली शेते अशा कामासाठी खुली केली आहेत. विस्मरण झालेले वृद्ध तिथे दिवसा येतात, कोंबड्यांना दाणे घालतात, भाजी खुडतात आणि संध्याकाळी घरी जातात. आपल्याजवळही डिग्निटी फाउंडेशनने नेरळला ज्येष्ठांसाठी वसाहत उभारली, आणि पनवेलजवळ नेरे येथील 'शांतिवन'मध्ये कुष्ठरोगाशी झगडलेल्यांबरोबर वृद्धांनाही आसरा मिळाला. यातले कोणी कॅथलिक आहेत की नाहीत, याला महत्त्व नाही. शेजाऱ्यांनी जे आधी करून दाखवले, ते आपण नम्रपणे शिकावे.

आता थोडे स्वतःबद्दल. वडील वारल्यावर मी आईला गावाहून इथे, धर्मगुरूनिवासात महिनाभरासाठी आणले. तिला चांगली खोली दिली, पंखा, टीव्ही, गोळ्यांची डबी, सगळे दिले. चौथ्या दिवशी ती पिशवी भरून बसली. मी विचारले, "काय झालं?" म्हणाली, "समदं हाय बाबा तुझ्याकडं. पर मला करायला काय न्हाय." मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो आहे. माणूस म्हणजे काय, यावर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली आहेत. पण आईला काय हवे आहे, हे मला कळले नव्हते. ते आमच्या स्वयंपाकी बाईंना कळले. त्यांनी मेथीच्या चार जुड्या आईपुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "आजी, एवढं निवडून द्या, मला उशीर झालाय." आई तीन आठवडे राहिली. जाताना त्या बाईंना भाकरी थापायला शिकवून गेली.

तत्त्वज्ञानाच्या वर्गातली एक गोष्ट मात्र मला नेहमी आठवते. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या आरंभी सॉक्रेटिस एका वृद्धाच्या घरी जातो आणि म्हणतो, की वृद्धांशी बोलायला मला आवडते, कारण ज्या वाटेने आपल्यालाही कदाचित जावे लागेल त्या वाटेवर ते पुढे गेले आहेत. ती वाट खडतर आहे की सोपी, हे त्यांनाच विचारायला हवे. पाहा, तिथेही मुद्दा विचारण्याचाच आहे.

म्हणून त्या घरात खाटांची रांग असावी असे मला वाटत नाही. तिथे निवडायला भाजी असावी, पाणी घालायला आळे असावे, ज्याला शिवण येते त्याच्यासाठी यंत्र असावे, शाळेच्या मुलांना पाढे शिकवायला कोपरा असावा. हल्ली 'फार्महाऊस' म्हटले की शनिवार-रविवारची मौज डोळ्यांसमोर येते. शेतावरचे घर पूर्वी तसे नव्हते. तिथे म्हाताऱ्यालाही काम होते. पाखरे हाकायचे का असेना, पण होते.

मी आपल्याला भुलवणारही नाही. अंथरुणाला खिळलेल्यांची सोय तिथे होणार नाही, त्यासाठी परिचारिका आणि डॉक्टर लागतात. सर्वांना पुरेल एवढी जागा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ने-आण करणारी गाडी लागेल. उताऱ्यावरच्या सर्व वारसांची लेखी संमती लागेल, वकिलाचा सल्ला लागेल, शासनाच्या परवानग्या लागतील. अजून काहीही ठरलेले नाही. आणि उद्या त्या कुटुंबाने घर विकायचे ठरवले, तर त्यांच्याविषयी कोणी एक शब्दही वाकडा बोलू नये. देणे हे मनापासूनच असावे लागते.

माझी आपल्याकडे मागणी पैशाची नाही. पाकीट देऊन मोकळे होणे हेही एक 'कुर्बान' होऊ शकते. माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली : आज घरी गेल्यावर आपल्या आईला, वडिलांना, सासू-सासऱ्यांना विचारा, "दिवसभर तुम्हाला काय करायला आवडेल?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. दुसरी : आठवड्यातून दोन तास कोण देऊ शकेल, त्यांनी संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांकडे नाव द्यावे. त्यासाठी त्या घराची वाट पाहायला नको. आपले पॅरिश सभागृह मंगळवारी आणि गुरुवारी दिवसा रिकामे असते. तिथून सुरुवात करू. तिसरी : आपल्या मजल्यावर, आपल्या इमारतीत कुलूपबंद दारामागे कोणी आहे का, ते पाहा. जात-धर्म पाहू नका. कोणी अडचणीत किंवा छळात असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक जवळ ठेवा.

त्या मुलाला मला जे सांगायचे होते, ते आता सांगतो. बाळा, तू आईला घरात ठेवलेस हे चांगले केलेस. आता तिच्या दाराची किल्ली एकट्याने सांभाळू नकोस. त्यातला थोडा भार आम्हाला दे. पुढच्या पहिल्या शुक्रवारी मी येईन तेव्हा ती तुझ्या घरी नसली आणि सभागृहात मेथी निवडत बसलेली असली, तर मी तिला तिथे ख्रिस्तशरीर देईन. तिथे बसायला खुर्च्या पुष्कळ आहेत.

ठेव शेतात होतीच. रोज तिच्यावरून लोक ये-जा करत होते. ज्याने खाली वाकून पाहिले, त्याला ती सापडली. प्रभू आपल्याला वाकून पाहण्याची कृपा देवो.

संत ज्योकिम आणि संत ॲन, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.

आपला,
धर्मगुरू